गुह्यांमधले मौन

आदरणीय अध्यक्ष आणि बंधुभगिनींनो,

परदेशी वसलेल्या आपल्या मंडळाने यंदाचा मेळावा गोव्यात, तोही फोंड्यात भरवला आहे, म्हणून देव दिसेनासा होतो तेव्हा तो कोठे असतो, हा प्रश्न याच भूमीवर मांडावासा वाटतो.

केनोपनिषदात देवांना विजय मिळतो, तो आपल्याच पराक्रमाचा असे ते मानू लागतात, तेव्हा ब्रह्म यक्षरूपाने त्यांच्यापुढे प्रकटते. अग्नीला गवताची काडी जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही आणि दोघेही परत फिरतात. इंद्र जवळ जाताच यक्ष अंतर्धान पावतो. कथेचा गाभा मला येथे दिसतो: ज्यांच्याशी यक्ष बोलला त्यांना ओळख पटली नाही, आणि ज्याच्यापुढून तो नाहीसा झाला त्या इंद्राला त्याच रिकाम्या आकाशात उमा हैमवती भेटली आणि ते ब्रह्म होते हे तिने सांगितले, कारण तो माघारी वळला नाही.

असे न वळणे आपल्या पूर्वजांनी जगून दाखवले आहे. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, सुरू झाले. त्याच वर्षी कुशस्थळीच्या, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीच्या, श्रीमंगेशाचे लिंग भक्तांनी जुवारीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंतरुज महालात, म्हणजे याच फोंडा भागात, प्रियोळला आणले. केळशीची श्रीशांतादुर्गाही अशीच कवळ्याला आली. आज दिसणारा दीपस्तंभ आणि सोमवारची पालखी हे वैभव आपण कौतुकाने पाहतो, पण ते नसताना साध्या जागेत दिवा लावणाऱ्यांची श्रद्धा मला अधिक मोठी वाटते. त्यांच्या मूळ गावी देव उरला नव्हता आणि तरी त्यांचा देव हरवला नव्हता.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान म्हणतात, ‘मौनं चैवास्मि गुह्यानाम्’, गुह्यांमध्ये मी मौन आहे. हिमालय, गंगा, अश्वत्थ अशा ठळक विभूतींच्या मागून हे शब्द येतात आणि पाठ भरभर केला तर सहज निसटतात.

परदेशात देऊळ जवळ नसते, ही आपल्यातील अनेकांची खंत खरी आहे. तरी माझी विनंती आहे की, संध्याकाळी घरात ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या मोठ्याने वाचाव्यात, आणि अर्थ लागो वा न लागो, पोथी मिटण्यापूर्वी थोडा वेळ सर्वांनी स्तब्ध बसावे. मुलांना लगेच अर्थ सांगण्याची घाई करू नये. त्यांनी आपण होऊन विचारले, की मग अवश्य बोलावे.