गाठीच्या तुकड्यापासून चाचणीच्या निष्कर्षापर्यंत

नवी मुंबईत खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. अशा केंद्रांतील नव्या औषधांच्या चाचण्यांविषयी बोलताना पॅथॉलॉजिस्टचे, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरांचे, नाव फारसे घेतले जात नाही. वास्तविक, कोणत्या रुग्णाला चाचणीत घ्यायचे हे पुष्कळदा त्यांच्याच अहवालावरून ठरते.

स्तनाच्या कर्करोगात काही गाठींच्या पेशींवर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन फार मोठ्या प्रमाणात आढळते आणि १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रॅस्टुझुमॅब हे औषध नेमके त्यालाच लक्ष्य करते. साहजिकच, या प्रकारच्या औषधाच्या चाचणीत हर-टूची तपासणी चुकली, तर ज्याला औषध लागू पडणार नाही असा रुग्ण आत येतो आणि ज्याला ते हवे होते तो बाहेर राहतो.

म्हणूनच नमुन्याची काळजी शस्त्रक्रियागृहापासून घ्यावी लागते. काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात जावी आणि किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास त्यात राहावी, असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट यांच्या संघटनांचे संयुक्त निकष सांगतात. मग ती ऊती मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घेऊन, हर-टू तपकिरी दिसेल असे ते रंगवले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली दहा टक्क्यांहून अधिक कर्कपेशींभोवती गडद, अखंड तपकिरी कडा दिसली, तर गुण तीन, म्हणजे गाठ हर-टू पॉझिटिव्ह. गुण दोन आले, तर मात्र निर्णय तिथे होत नाही. ‘फिश’ या जनुक चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या तपासणीत पेशीकेंद्रातील हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. हे काम डोळ्यांवर ताण आणणारे आहे आणि त्यात घाई अजिबात चालत नाही.

अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचणीत दोन तज्ज्ञांचे मत वेगळे पडू शकते. अशा वेळी स्लाइड एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा पाहिल्या जातात आणि रुग्णाला कोणते औषध मिळाले हे तपासणाऱ्याला कळू दिले जात नाही.

पॅथॉलॉजिस्टवर आणखी एक जबाबदारी असते आणि ती आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. सुईने काढलेल्या तुकड्यात ऊती अगदी थोडी असते. संशोधनासाठी कितीही काप मागितले गेले, तरी त्याच रुग्णाच्या पुढील निदानासाठी ब्लॉकमध्ये पुरेशी ऊती शिल्लक राहील, हे पाहूनच ते काप देतात.