फाटकाच्या एक पाऊल अलीकडे

(दृश्य: सकाळ. चर्चचं फाटक. घंटेचा आवाज.)

रविवार. कोल्हापूर. उपासनेची पहिली घंटा झाली आहे. फाटकाबाहेर सायकल लावून एक आजोबा बिडीचा शेवटचा झुरका घेतात, थोटूक चपलेच्या टाचेखाली रगडतात, तोंडावरून रुमाल फिरवतात आणि मग आत पाऊल टाकतात. त्यांची परवानगी घेऊन आम्ही हे लागोपाठ तीन रविवार टिपलं. तिन्ही वेळा जागा तीच होती, फाटकाच्या एक पाऊल अलीकडे.

त्यांना कुणी अडवलेलं नाही. कोल्हापुरातल्या मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, सुरुवात १८५२ साली इथं आलेल्या अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांच्या मिशनपासून झाली. सॅल्व्हेशन आर्मी या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात सैनिक, म्हणजे पूर्ण सभासद, होताना तंबाखू सोडल्याचं वचन द्यावं लागतं. आजोबांकडून तसं वचन कधी कुणी घेतलेलं नाही. तरीही बिडी फाटकाबाहेरच विझते. मग बिडी ओढणं पाप आहे का?

(दृश्य: कागलकडून निपाणीच्या दिशेनं जाणारा रस्ता. तंबाखूचं शेत.)

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तंबाखू शोधली तर सापडत नाही. मोशेनं हे पान पाहिलं नव्हतं, पौलानंही नाही. ते मूळचं अमेरिकेतलं. १४९२ नंतर युरोपात गेलं आणि पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागलं. अकबराच्या दरबारात तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला तो त्याचाच अधिकारी असद बेग, आणि त्यानं ती नेली ती इथून फार लांब नसलेल्या विजापूरहून.

आता ती इथल्या काळ्या रानात रुजली आहे. कळी दिसली रे दिसली की शेंडा खुडतात. मग पानांच्या बगलेतून फुटवे येतात, तेही काढायचे. चार दिवसांनी परत येतात, परत काढायचे. झाडाला फुलू द्यायचं नाही, सगळा जोर पानात उतरवायचा. निकोटिन तयार होतं मुळांत आणि चढतं पानांत. शेंडा खुडला की ते वाढतं. पान कडक कसं होतं, हे इथल्या बायकांच्या बोटांना ठाऊक आहे. ती बोटं बघा, चिकानं काळी पडलेली.

पानावर तांबूस ठिपके आले की झाड बुडातून कापून तिथंच उन्हात पसरतात. वाळलेल्या पानाला दुपारी हात लावला तर चुरा होतो. म्हणून पहाटे, दवानं ते मऊ झालेलं असताना उलटायचं. या पानाच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. पिकवणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हवं.

(दृश्य: उंबऱ्यात बसून बिड्या वळणारी बाई. फक्त हात.)

भिजवलेलं तेंदूचं पान, पत्र्याचा साचा, कात्री. पाव ग्रॅमच्या आतबाहेर तंबाखू. एक वळी, टोकं दुमडायची, दोऱ्याचे वेढे. तेंदूचं पान सहजी जळत नाही, त्यामुळे बिडी सारखी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते.

(दृश्य: चर्चच्या आत. बाकं. उघडं शास्त्र.)

बिडीची बाजू घेणारेही शास्त्रातूनच बोलतात. जे तोंडात जातं ते माणसाला विटाळवत नाही, हे मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात खुद्द प्रभूचं वचन आहे. इंग्लंडचे नामांकित उपदेशक स्पर्जन सिगार ओढत आणि लपवत नसत. हे खोटं नाही. पण ते वचन न धुतलेल्या हातांनी जेवण्याबद्दलचं आहे. ते बिडीला लावणं आम्हाला पटत नाही.

आम्हाला दुसरं वचन महत्त्वाचं वाटतं. करिंथच्या मंडळीला पौल लिहितो, सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, पण मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही. सगळा प्रश्न या 'अधीन' शब्दात आहे. आजोबांना आम्ही विचारलं, सोडून बघितलं का? ते म्हणाले, "धा वेळा सोडली ओ. सक्काळी उठलं की हात आपसूक उशाखाली जातोय." त्याच अध्यायात पुढं शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलंय. या मंदिराची किल्ली आजोबांच्या हातात राहिलेली नाही. म्हणून आम्ही याला पाप म्हणतो, चुकत नाही आणि कचरत नाही. रोमकरांस पत्रात म्हटलंय, जे विश्वासानं नाही ते पाप, म्हणजे स्वतःच्या मनाला पटत नसताना केलेलं. फाटकाबाहेर रगडलेलं ते थोटूक पाहिलं की हे वचन आठवतं.

पण पाप म्हटलं म्हणून माणूस परका होत नाही. राग, कुचाळकी, हुंडा यांच्यासकट आपण पुढच्या बाकांवर बसतो आणि ज्याच्या कपड्यांना वास येतो तो मागच्या बाकावर. हे चित्र आम्हाला बिडीपेक्षा जास्त टोचलं.

(दृश्य: दवाखान्याचा जिना.)

फुफ्फुसं, हृदय, कर्करोग. जगात दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं तंबाखूपायी मरतात. घरातला धूर नातवंडांच्याही छातीत जातो.

(दृश्य: उपासना सुटली आहे. फाटक.)

आजोबा बाहेर आलेत. हात खिशाकडे गेलाय, काडेपेटी वाजते आहे. पाळकसाहेब पायऱ्या उतरून त्यांच्याकडे येतात. बिडीचं नाव काढत नाहीत. "चला काका, चहा घेऊया," म्हणतात आणि त्यांची सायकल स्वतःच हातात घेऊन चालायला लागतात. काडेपेटी अजून काकांच्या मुठीतच आहे.