तुरुंग सगळ्या बाजूंनी पाहिलेला न्यायाधीश

मित्रहो, राजकारणातल्या माणसाला न्यायाधीश करावं का, हा प्रश्न १९७३ साली मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी उघडपणे विचारला होता. व्ही. आर. कृष्ण अय्यर सर्वोच्च न्यायालयात येत होते. कम्युनिस्ट मंत्रिमंडळात बसलेला माणूस तिथे नको, असं त्या वकिलांचं म्हणणं. प्रश्न गैर नव्हता, आजही तो विचारायलाच हवा. पण अय्यरांपुरतं उत्तर शोधायचं तर तलश्शेरीला जावं लागतं.

तलश्शेरी हे केरळच्या उत्तर मलबारातलं समुद्रकाठचं गाव. वडील तिथले नावाजलेले वकील, मुलगाही तिथेच काळा कोट चढवून उभा राहिला. पक्षकार कोण? जमीनदाराशी भांडणारी कुळं, पोलिसांनी धरलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते. १९४८ साली सरकारने संशयावरून या वकिलालाच महिनाभर डांबलं. चार वर्षांनी ते मद्रास विधानसभेवर (मलबार तेव्हा मद्रास राज्यात होतं) निवडून आले आणि १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री झाले, तेही पक्षाचं सभासदत्व न घेता, अपक्ष म्हणून. कायद्याबरोबर तुरुंग खातंही त्यांच्याकडे आलं. १९५९ मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. पुढे पुन्हा वकिली, १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालय, मग माजी सरन्यायाधीश, आपले गजेंद्रगडकर, यांच्या अध्यक्षतेखालचा, कायद्यात सुधारणा सुचवणारा विधी आयोग.

म्हणजे वकील, कैदी, मंत्री आणि न्यायाधीश अशा चारही नात्यांनी या माणसाने तुरुंग पाहिला. त्यांचे कैद्यांविषयीचे निकाल वाचताना हे मला सतत जाणवतं.

होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७८ चा निकाल घ्या. आरोपी विद्यापीठातला प्राध्यापक, खोट्या पदव्यांसाठी विद्यापीठाचा बनावट शिक्का करून घ्यायला निघालेला. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. हा गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात आला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा जवळजवळ भोगून. का? निकालाची प्रत तुरुंगात आपल्या हाती पडलीच नाही, असं त्याचं म्हणणं. अय्यरांनी त्याची याचिका फेटाळली. सहानुभूती वाटावी असा हा आरोपी नव्हताच. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळालीच पाहिजे, ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील सरकारी खर्चाने मिळाला पाहिजे, असं त्यांनी लिहून ठेवलं. अपिलाचा हक्क कागदावर आहे आणि मुदत तुरुंगाच्या कचेरीत संपते, हे ज्याला आतून ठाऊक आहे तोच असं लिहू शकतो.

तिहारमधून सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्यावर झालेल्या अमानुष मारहाणीबद्दल पत्र पाठवलं, तेव्हा न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. बेड्या सरसकट घालता येणार नाहीत, हे १९८० साली अय्यरांनीच सांगितलं. त्यांची इंग्रजी फार अलंकारिक, वाचताना दम लागतो, हे मी मान्य करतो. आदेशाचा भाग मात्र स्वच्छ असतो.

आता राजकारणाचा मुद्दा. जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द झालेली, सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी, आणि सुट्टीत तातडीचे अर्ज ऐकणारे न्यायाधीश अय्यर. कायदामंत्री ह. रा. गोखले, स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, यांनी भेटीसाठी फोन केला. अय्यरांनी भेट नाकारली, अर्ज रजिस्ट्रीत, म्हणजे न्यायालयाच्या कचेरीत, दाखल करा म्हणाले. इंदिरा गांधींचे वकील पालखीवाला आणि विरुद्ध बाजूचे शांती भूषण यांचे युक्तिवाद ऐकून २४ जूनला त्यांनी अलाहाबादच्या निकालाला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपद राहील, सभागृहात येता येईल, पण खासदार म्हणून मतदान नाही, वेतन नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली. पूर्ण स्थगिती हवी असणारे नाराज झाले, पंतप्रधानांनी पायउतार व्हावं म्हणणारेही नाराज झाले. माझ्या मते आदेश बरोबर होता, कारण इतर आमदार-खासदारांच्या निवडणूक अपिलांत न्यायालय जी सशर्त स्थगिती देत आलं होतं, तीच त्यांनी पंतप्रधानांना दिली.