'गोळी गरम पडली' म्हणजे नेमकं काय झालं?

मुलींनो, आणि मागच्या बाकावरच्या मुलांनो, फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही असा एक शब्द मी फळ्यावर लिहिलाय: 'गरम पडलं'. बीडपासून नांदेडपर्यंत कुठल्याही वॉर्डात उभ्या राहा, तो कानावर पडतोच. पोटात आग झाली, अंगावर पुरळ उठलं, जुलाब लागले, आपल्या माणसांचा शब्द एकच. आणि आपण "ताक प्या, बरं वाटेल" म्हणतो आणि पुढच्या बेडकडे जातो. मी स्वतः असं केलंय, म्हणून सांगतेय.

संधिवाताच्या एक आजी ओपीडीत आल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, गोळी लई गरम पडली बघा. तोंड आलंय, भाकर गिळंना." मी तोंडाला लावायला बोरोग्लिसरीन दिलं आणि कामाला लागले. चार दिवसांनी त्याच आजी तापाने फणफणत परत आल्या. तेव्हा कुठे मी त्यांची कापडी पिशवी उघडायला लावली. आत पिवळ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. एक फॉलिक ॲसिडची, दुसरी मेथोट्रेक्सेटची.

"आजी, ही कवा घेता?"

"रोजच की. सकाळच्याला, चहासंगं."

संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे औषध पेशींना फोलेट, म्हणजे वाढीसाठी लागणारं एक जीवनसत्त्व, वापरू देत नाही, त्यामुळे ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना सगळ्यात आधी फटका बसतो: तोंडातलं अस्तर, आतडं आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा. म्हणजे आजींचं तोंड आलं होतं तेव्हाच आत पांढऱ्या पेशी घटायला लागल्या असणार. तपासणीत त्या फारच खाली आलेल्या निघाल्या. मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू केलं, प्रतिजैविकं दिली, आजी वाचल्या. पण खबर त्यांनी चार दिवस आधीच दिली होती आणि ती मला कळली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वाराचं नाव ठळक लिहिते आणि पेशंटकडूनच वदवून घेते: "आजी, आता तुम्ही मला सांगा, कोणत्या वारी?" नुसती मान हलवली तर मी सोडत नाही.

दुसरा शब्द 'हातपाय गळाले'. आषाढी एकादशीच्या आसपास तो जास्त कानावर येतो. उपवास असतो, पण गोळी चुकवायची नाही म्हणून ग्लिमेपिराइड, म्हणजे मधुमेहात साखर उतरवणारी गोळी, घेतलेली असते. मग साखर फार घसरते. वर प्रोप्रॅनोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही. कपाळ ओलं आणि गार लागलं की आधी ग्लुकोमीटर. माणूस शुद्धीत असेल तर साखरपाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नका, ते फुप्फुसात जाईल. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, लागतं. आणि तरतरी आली म्हणून लगेच घरी धाडू नका, या गोळ्यांचा अंमल लांबतो आणि साखर पुन्हा घसरते.

आता दुष्परिणाम नोंदवायच्या फॉर्मकडे वळू. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 2010 मध्ये सुरू झाला, त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं. नोंद फक्त डॉक्टरांनीच करायची, असं समजणाऱ्या सिस्टर मला अजून भेटतात. नर्सनेही करायची असते. औषधामुळेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो. 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

सगळ्यांच्या हातात कोरा फॉर्म आलाय ना? त्या आजींची केस त्यात भरू. प्रतिक्रियेच्या रकान्यात आधी त्यांचे शब्द लिहा, 'तोंड आलंय, भाकर गिळंना'. वैद्यकीय नाव त्याच्या खाली.