दरडीखाली गेलेले कागद

(गोव्यातील साखळी येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

दरड कोसळल्याची बातमी आली की आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी जुने कपडे गोळा होतात. चेन तुटलेल्या पँटी, लग्नातले भरजरी ब्लाउज. ते निवडायला पुन्हा त्याच गावची माणसे जुंपायची, आणि पावसात भिजलेला ढीग धड जळतही नाही! रागावू नका, देणाऱ्यांची मने मोठी आहेत हे मला ठाऊक आहे.

इर्शाळवाडी घ्या. १९ जुलै २०२३ ची रात्र, रायगड जिल्ह्यातली डोंगरावरची ठाकर आदिवासींची वस्ती दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नाही, मग जेसीबी चढणार कसा? एनडीआरएफचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचे, जवान पायवाटेने गेले, हातांनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

आता या ५७ जणांच्या घरच्यांचे बघा. मृतदेह नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. एरवी बेपत्ता माणसाला कायदा सात वर्षांनी मृत धरतो. तोवर बँकेतले पैसे अडकतात, विमा अडकतो, जमिनीवर वारसाची नोंद होत नाही. म्हणून अशा वेळी सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागतो. ३० जुलै २०२४ च्या वायनाडच्या दरड-दुर्घटनेतील बेपत्तांसाठी केरळने तो घेतला. पण निर्णय झाला तरी अर्ज कोण लिहिणार? आधार, रेशनकार्ड, पासबुक, सगळे मातीखाली. जो वाचला त्याला आपण कोण हेच आधी सिद्ध करावे लागते. अशा घराला तांदळाच्या दुसऱ्या पोत्यापेक्षा कचेरीच्या खेपा घालणारा एखादा निवृत्त कारकून जास्त उपयोगी पडतो. इथे सभागृहात तसे बरेच बसलेले दिसतात.

वाचलेल्यांच्या छावणीचे थोडक्यात सांगतो. जगभर मानलेले किमान निकष आहेत: माणशी रोज १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. म्हणजे शाळेच्या सहा मीटर लांब-रुंद वर्गात दहा माणसे; आपण तिथे चाळीस कोंबतो. संडासाला आतून कडी आणि रात्री दिवा हवाच, नाहीतर बायका संध्याकाळपासून पाणी पिणे सोडतात.

हे सगळे रायगड-केरळचे म्हणून सोडून देऊ नका. २३ जुलै २०२१ ला दूधसागर-सोनावली भागात दरडीमुळे रेल्वेगाडी रुळावरून घसरली. कोणी दगावले नाही हे नशीब. त्याच पावसात सत्तरी-डिचोलीत पुराने घरे पडली. पडलेल्या घराचा पंचनामा होतो, पण घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न निघाला की एकत्र कुटुंबात किती घोळ होतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत एवढे मागून घ्या: डोंगराच्या पायथ्याच्या प्रत्येक वाड्याची, म्हणजे वस्तीची, घरागणिक माणसांची यादी, भाड्याने राहणारे आणि कामाला आलेले परप्रांतीयसुद्धा धरून. सोबत कागदांच्या झेरॉक्स. एक संच पंचायतीत, दुसरा मामलेदार कचेरीत. पंचायतीची इमारतही डोंगराखालीच असेल, तर दोन्ही संच बाहेर ठेवा.