काळ्या टी-शर्टवर देवनागरी छापताना

(दृश्य: कॉम्प्युटरच्या पडद्यावर पथकाचं नाव, शिरोरेषा जवळून)

कॉलेजचं गॅदरिंग असो की गणपतीतलं ढोल-ताशा पथक, टी-शर्टची मागणी बरेचदा एकच: काळं कापड, त्यावर पांढरी आणि भगवी देवनागरी अक्षरं. स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर उतरवणं, शिकताना हेच काम लवकर हातात घ्यावं. अवघड आहे खरं, पण जे जे बिघडू शकतं ते सगळं यात दिसून येतं.

बिघाडाची सुरुवात कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच होते. अक्षरं कर्व्ह्जमध्ये, म्हणजे फॉन्टशिवायच्या नुसत्या आकारांत, बदलायची, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. आता देवनागरीत शेजारशेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्यांना ‘कंबाइन’ दिलं की चढलेला भाग पोकळ होतो आणि रेघेत बारीक खिडक्या पडतात. इथे ‘वेल्ड’च हवं, म्हणजे सगळं मिळून एकच सलग आकार होतो. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नये. अनुस्वार शिरोरेषेपासून जरा वर उचलावा. शाई पसरली की तो रेघेला चिकटतो.

भगव्याखाली पांढरा अस्तर लागतोच, काळ्यावर थेट छापलेला भगवा मळकट दिसतो. हा अस्तर सगळ्या कडांनी पाव मिलिमीटर आत घ्यायचा, म्हणजे बाहेर डोकावत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म, म्हणजे पारदर्शक कागदावरची प्रत, पूर्ण काळ्यात, रजिस्ट्रेशनच्या (रंग एकमेकांवर जुळवायच्या) खुणांसकट. उजेडासमोर धरल्यावर काळा भाग करडा दिसला, तर दोन प्रती तंतोतंत जुळवून एकावर एक चिकटवा.

(दृश्य: पिवळ्या दिव्याची खोली, फ्रेमवर इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, चढतंय)

जाळी 43 टी, म्हणजे सेंटिमीटरला 43 धागे, इंचाला साधारण 110. आधी ती भांड्यांच्या साबणाने धुवायची. तेलकटपणा राहिला तर इमल्शनमध्ये टाचणीएवढी भोकं पडतात. इमल्शनचा दोन्ही बाजूंनी एकेक हात द्यायचा आणि फ्रेम आडवी, छपाईची बाजू खाली करून, अंधारात वाळवायची.

पावसाळ्यात इथेच घात होतो. बोटाला कोरडं लागतं, पण आतून दमट असतं. असं इमल्शन उजेडाने नीट घट्ट होत नाही आणि धुताना अक्षरांसकट वाहून जातं. पंखा लावून रात्रभर वेळ द्या. आणि बायक्रोमेटवालं स्वस्त इमल्शन शक्यतो घेऊच नका. ते कातडीला आणि फुफ्फुसांना घातक आहे. डायझो प्रकारचं बरं, तेही हातमोजे घालूनच.

मग एक्स्पोजर, म्हणजे फिल्म लावून इमल्शनवर उजेड पाडणं; काळ्या अक्षरांखालचा भाग कच्चा राहतो आणि धुताना उघडतो. त्याचा वेळ कुणाला विचारण्यात अर्थ नाही. दिवा, अंतर, थराची जाडी, यातलं काहीही बदललं की तो बदलतो. एकाच फ्रेमवर पुठ्ठा सरकवत कमी-जास्त वेळेच्या पट्ट्या काढा. धुतल्यावर आतून बुळबुळीत लागते त्या पट्टीला उजेड कमी पडला; जिच्यात बारीक रेघ उघडतच नाही, तिला जास्त.

(दृश्य: टेबलावर ताणून चिकटवलेला टी-शर्ट, स्क्वीजीचा (शाई ओढायच्या रबरी पट्टीचा) हात)

फ्रेम कापडापासून दोन-तीन मिलिमीटर वर हवी. टेकून बसली तर जाळी सुटताना शाई ओढते आणि कडा फाटक्या येतात. पांढऱ्या खडीचा (अस्तराच्या दाट पांढऱ्या पेस्टचा) एक हात, ब्लोअरने वरवर सुकवणं, पुन्हा एक हात, मग भगवा. एकदाच जोर लावून जाड थर दिला तर अक्षरांची पोटं बुजतात. छपाई थांबली तरी जाळीवर शाई पसरलेली ठेवा. पाण्यावर आधारलेली पेस्ट उन्हाळ्यात बघता बघता भोकांत वाळते.

शेवटी क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने शाई पक्की करणं. पिगमेंट-बाइंडर पेस्टला (रंग आणि तो कापडाला धरून ठेवणारा घटक) साधारण 150 अंश सेल्सिअसवर तीन ते पाच मिनिटं. घरच्या इस्त्रीने करायचं तर मध्ये बटर पेपर घालून, तुकड्यातुकड्याने, दोन्ही बाजूंनी. उष्णता कमी पडली तर पहिल्याच धुण्यात रंग उतरतो.

हे सगळं सुती कापडाचं. लाल पॉलिएस्टरवर हाच पांढरा गुलाबी होतो, कारण उष्णतेने कापडातला रंग वर शाईत चढतो, कधी छपाईनंतर दिवसभरानेही. तशी ऑर्डर आली, तर एक नमुना छापून, शेकून दुसऱ्या दिवशी पाहावा आणि मगच आगाऊ रक्कम घ्यावी.