काहीच तरंगलं नाही, म्हणजे वाळू स्वच्छ?

नमस्कार मंडळी. जुहूच्या वाळूतलं प्लॅस्टिक मिठाच्या पाण्यात तरंगवून शोधायचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "आम्ही पण करून बघितलं, काहीच वर आलं नाही. म्हणजे आमची वाळू स्वच्छ ना?" नाही हो, एवढ्यावरून नाही सांगता येत.

कृती तुम्हाला माहितीय, पटकन सांगते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. भरतीच्या लाटेनं काडीकचरा जिथं आणून सोडलाय तिथली वाळू घ्यायची, वाळवायची, चाळायची, काचेच्या बरणीत मिठाच्या पाण्यात ढवळून ठेवायची. वर येईल ते गाळून भिंगातून बघायचं.

गाडी अडते मिठापाशी. एक ताई लिहितात, "अंडं तरंगेपर्यंत मीठ घातलं." ताई, अंडं फार लवकर तरंगतं! पाणी प्लॅस्टिकपेक्षा जड असेल तरच प्लॅस्टिक तरंगतं. साध्या पाण्याची घनता १ धरली, तर मासेमारीच्या जाळ्यांमधल्या नायलॉनची १.१४ च्या आसपास असते. अंडं तरंगलं तरी ते पाणी नायलॉनला कमीच पडतं. लिटरला साधारण ३६० ग्रॅम मीठ लागतं. काटा नसेल तर घालत राहा, ढवळत राहा. कितीही ढवळलं तरी तळाशी मीठ उरायला लागलं की थांबा. तेव्हा पाण्याची घनता १.२ पर्यंत जाते. मूठभर मिठानं हे होत नाही. किलोभराचा पुडा फोडायची तयारी ठेवा. आणि ते पाणी आधी बारीक गाळून घ्या, कारण समुद्री मिठातही प्लॅस्टिकचे कण सापडलेत.

एवढं करूनही पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक आणि पॉलिस्टरचे धागे खालीच बसतात, त्यांची घनता १.३८ च्या घरात. प्रयोगशाळेत त्यासाठी झिंक क्लोराइडचं जड पाणी वापरतात. ते घरी अजिबात करू नका, कातडी भाजते.

आणि प्लॅस्टिकच्या टबात, प्लॅस्टिकच्या गाळणीनं हा प्रयोग करणाऱ्यांनो, तुम्ही वाळूतलं मोजताय की टबाचं?

एका दादांची कमेंट आहे: "मराठवाड्यात समुद्र कुठाय? आपल्याला काय करायचंय?" दादा, आपली गंगा म्हणजे गोदावरी पैठण, गंगाखेड, नांदेड करत तेलंगणातून, आंध्रातून बंगालच्या उपसागराला जाते. आपलं प्लॅस्टिक जुहूला जात नसेल, पण समुद्रालाच जातं. नांदेडच्या घाटावर माणसं निर्माल्य कॅरीबॅगेसकट सोडतात. ओटीतला खण पॉलिस्टरचा असतो. एका मावशींना म्हटलं, फुलं वाहा, पिशवी द्या माझ्याकडं. त्यांनी लगेच दिली, वर म्हणाल्या, "आजवर कुणी मागितलीच नाही गं." मला हे फार लागलं. भक्तीला कुणाचा विरोध नाही, पिशवी तेवढी मागून घ्या!

पुढच्या व्हिडिओत याच घाटावरची वाळू घेणार आहे. पाणी ओसरल्यावर काठाला कचऱ्याची रेघ राहते ना, तिथली. तुमच्या गावच्या घाटाची करायची असेल तर वाळू स्टीलच्या डब्यात भरा आणि सुती कपडे घालून जा.